सेल उतरले, गाणं उतरलं

मे महिन्यातली दुपार. भारनियमन चालू होतं आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी सेलवरच्या टेपरेकॉर्डरला कान लावून बसलो होतो. मांडीवर सेकंडहँड गिटार. एका आवडत्या गाण्याचा मुखडा बसवायचा होता आणि त्याचा पहिलाच सूर सापडत नव्हता. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवलं की माझा सूर खाली, तिसऱ्या पडद्यावर ठेवलं की वर. गाणं दोन पडद्यांच्या मधल्या लाकडात कुठंतरी अडकून बसलेलं. तासभर हे चाललं आणि आपल्याला कानच नाही, असं मी ठरवून टाकलं.

कान ठीक होता. सेल उतरले होते.

कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे ४७.६ मिलिमीटर सरकते. मोटर तीन टक्क्यांनी मंदावली तर ती सेकंदाला जेमतेम दीड मिलिमीटर कमी सरकेल. डोळ्याला कळणारही नाही. पण त्याबरोबर गाण्यातली सगळी कंपनं तीन टक्क्यांनी उतरतात. इकडे गिटारवर एक पडदा पुढे गेलं की कंपनसंख्या ५.९५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे माझं गाणं जवळजवळ बरोबर अर्ध्या पडद्यानं उतरलेलं होतं, आणि अर्धा पडदा गिटारवर नसतो.

हा ५.९५ चा विचित्र आकडा येतो कुठून? मोकळी तिसरी तार सेकंदाला १९६ वेळा कंप पावते. बाराव्या पडद्यावर, तारेच्या बरोबर मध्यावर दाबली की ३९२ वेळा: तोच सूर, वरच्या सप्तकातला. ही दुप्पट बारा सारख्या पायऱ्यांत गाठायची, आणि प्रत्येक पायरी ही आधीच्या सुराची तेवढीच पट. अशी संख्या एकच, १.०५९५. पडदे खाली येता येता दाट का होत जातात तेही यातच आलं. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा ३६ मिलिमीटरवर असतो, तर अकराव्या-बाराव्यात फक्त १९ मिलिमीटर उरतात.

तर, त्या दुपारी मामा आले. मामा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. नोटेशनचा कागद त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता. दारातूनच म्हणाले, "काय करायलास रे तासाचं?" सूर सापडत नाही म्हटल्यावर हसले. "सूर कामून शोधायलास? आधी गाण्याचं घर बघ. कुठं जाऊन टेकतंय ते." आणि टेप चालू असतानाच त्याच्याखाली त्यांनी एकच सूर धरला, लांबलचक 'आ'. गायिका वर गेली, खाली आली, वळसे घेऊन पुन्हा आली, आणि ओळ संपताना अलगद मामांच्या 'आ'वर येऊन बसली. "हा सा. आता सेल नाहीत तर नाहीत, गिटार उतरव."

मी खुंट्या सैल केल्या. पाच मिनिटांत मुखडा बोटात आला.

मामांनी केलं ते मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरंच तपासलं गेलं आहे. १९८४ साली कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहान्सल यांनी उत्तर भारतीय रागांवर प्रयोग केला. रागातला एक तुकडा ऐकवायचा, मग एक सुटा सूर, आणि विचारायचं, हा इथं किती शोभतो? भारतीय श्रोते असोत की पाश्चात्त्य, सा आणि प यांना वरचे गुण मिळाले. ज्या सुरावर गाणं वारंवार येतं आणि रेंगाळतं, तो कान आपोआप टिपून ठेवतो. घर सापडलं की बाकीचे सूर घरापासून किती पावलं, एवढंच उरतं. आणि सेल कितीही उतरले तरी ही पावलं बदलत नाहीत. अख्खा जिना खाली सरकतो, पायऱ्या त्याच. सुटा सूर ऐकून 'ही काळी दोन' (पेटीची दुसरी काळी पट्टी) म्हणणारे लोक फार थोडे. पण दोन सुरांतलं अंतर ओळखणं बहुतेकांना जमतं. नाहीतर तेच भजन एका गावात काळी एकमध्ये आणि दुसऱ्या गावात पांढरी चारमध्ये ऐकून आपण ओळखलंच नसतं.

अंतर कानानं मोजण्याचं शास्त्र आमच्याच मुलखात लिहिलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात त्यानं बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगितल्या आहेत. प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा किंचित चढी लावायची, इतकी किंचित की दोघींच्या मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. मग एक वीणा तशीच ठेवायची, दुसरी टप्प्याटप्प्यानं उतरवायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. मापक कुठला? कान. मीही त्या दुपारी टेप स्थिर ठेवून गिटारच उतरवली होती (शार्ङ्गदेवाला सेलची भानगड नव्हती, एवढाच फरक).

दोन सूर अगदी जवळ आले की कानाला आणखी एक मदत मिळते. एक तार ११० कंपनांवर आणि दुसरी १०८ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी हळूहळू पिळत गेलं की ही थरथर मंदावते, लांबते आणि शेवटी थांबते. थांबली की तार लागली. आमच्याकडच्या उन्हात हा व्यायाम रोजचाच: पोलाद तापून प्रसरण पावतं, तारेचा ताण घटतो, आणि पत्र्याच्या खोलीतली गिटार सकाळी सुरात लावली तरी दुपारी उतरलेलीच सापडते.

कानाच्या आत हे चालतं शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत. तिच्यातला पडदा उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. चढे सूर त्याच्या सुरुवातीला हलवतात, खर्ज पार आतल्या टोकाला. हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशींना १९६१ चं नोबेल मिळालं. पण कानावर सगळं सोपवून मेंदू गप्प बसत नाही. मोबाइलवर गाणं लावा. गिटारची सहावी तार ८२.४ कंपनांची, एवढा खर्ज त्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. तरी तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्याचे १६४.८, २४७.२, ३२९.६ हे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर) पोचतात आणि त्यांच्यातलं सारखं अंतर पाहून मेंदू गायब खर्ज भरून काढतो. एकटी तार असेल तर हे छान जमतं. ढोलक, व्हायोलिनं आणि कोरसच्या गर्दीत मात्र मेंदूचा अंदाज चुकतो. कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा गट) शोधायची तर खालचा सूर नेमका कळावा लागतो, म्हणून तेवढ्यापुरता तरी इअरफोन लावावा.

खर्ज मिळाला की प्रश्न उरतो गंधाराचा. सा, ग, प एकदम वाजले की मेजर, त्यातला ग एक पडदा खाली आणून कोमल केला की मायनर. सगळा मूड त्या एका पडद्यावर. खरं तर गिटारचा शुद्ध गंधारही पुरता शुद्ध नसतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार (त्याचं सप्तक बाजूला ठेवून) सा च्या १.२५ पट, तर गिटारवरचा आणि पेटीवरचा जवळपास १.२६ पट, म्हणजे थोडा चढा. पेटीच्या असल्या ठोकळेबाज सुरांवर शास्त्रीय मंडळींचा जुना राग. आकाशवाणीनं तर १९४० ते १९७१ पेटीला बंदीच घातली होती. मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एक सवय मात्र मामांची, जी मी टाळत होतो: तीन-चार सुरांचा तुकडा ऐकायचा, टेप बंद करायचा, तुकडा गुणगुणायचा, मगच पेटीला हात लावायचा. लांब ओळ डोक्यात टिकत नाही, आणि गळ्यातून न गेलेला सूर बोटं चाचपडत शोधतात. २००७ साली अमीर लहाव आणि सहकाऱ्यांनी संगीत न शिकलेल्या लोकांना एक धून केवळ ऐकून पियानोवर वाजवायला शिकवली. नंतर ती नुसती ऐकवली, हात स्थिर, तरी मेंदूतले हालचाल आखणारे भाग जागे झाले. तेच सूर वेगळ्या क्रमानं ऐकवले, तेव्हा तेवढे नाही.

हल्ली गाण्याचा वेग पाऊणपट केला तरी सूर उतरत नाही, मोबाइल दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. पण आवडत्या गाण्याची मूळ पट्टीही डोक्यात कुठंतरी राहतेच. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये ४६ विद्यार्थ्यांना त्यांची पाठ गाणी नुसत्या आठवणीवर म्हणायला लावली. दोनपैकी निदान एका प्रयत्नात सुमारे ४० टक्के जण बरोबर मूळ सुरावर उतरले.

माझी पंचाईत अशी, की माझ्या डोक्यातली पट्टी उतरलेल्या सेलची आहे. तेच गाणं आता मोबाइलवर लागलं की मला ते किंचित चढं वाटतं, आणि गायिका उगाच घाईत असल्यासारखी.