आपटा की कांचन?

दसऱ्याच्या सुमारास बाजारात आपट्याच्या नावाने ज्या जुड्या विकल्या जातात, त्यांत कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात, कारण दोन्ही झाडांची पाने टोकाशी दुभंगलेली असतात. शेंगांच्या कुळातली ही झाडे एकमेकांची जवळची नातलग आहेत. त्यामुळे दुभंगलेले पान दिसले की तो आपटाच, असे मानता येत नाही.

पानाच्या लहानमोठेपणावरून झाड ओळखण्याची पद्धत रूढ आहे. आपट्याचे पान साधारण २ ते ५ सेंटीमीटर लांब, तर कांचनाचे बहुधा त्याहून बरेच मोठे असते. मात्र कांचनाच्या कोवळ्या फुटीवरची पानेही लहानच असल्याने केवळ मापावर विसंबणे धोक्याचे आहे. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला अधिक भरते, पण रक्तकांचनाचे पानही कधीकधी तसेच असते. त्यापेक्षा पान उलटे करून पाहावे. आपट्याचे पान जाडसर आणि चिवट असून त्याच्या खालच्या बाजूवर करडी, दाट लव असते. कांचनाचे पूर्ण वाढलेले पान त्यामानाने पातळ असते आणि खालून इतके लवदार नसते.

फूल मिळाले तर शंकेला जागाच उरत नाही. आपट्याची फुले लहान, फिकट पिवळसर पांढरी असून ती लांब मंजिरीवर उन्हाळ्याच्या सुमारास येतात. कांचनाची फुले मोठी आणि ठसठशीत असतात, आणि त्यातला देवकांचन तर दसऱ्याच्याच दिवसांत जांभळ्या-गुलाबी फुलांनी बहरू लागतो. म्हणजे ऐन दसऱ्यात अशा फुलांनी लगडलेले झाड आपट्याचे असूच शकत नाही, आणि तरीही त्याच्या फांद्या तोडल्या जातात, हे खेदजनक आहे.

शेंगाही उपयोगी पडतात. कांचनाच्या चपट्या शेंगा वाळल्यावर तडकून उघडतात; आपट्याच्या किंचित वाकड्या शेंगा मात्र न उघडताच झाडावर बराच काळ लटकत राहतात.

कांचनांमध्येही गोंधळ होतो. रक्तकांचन बहुधा पाने झडल्यावर, वसंताच्या आसपास फुलतो. त्याच्या रुंद पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि फुलात पाच कार्यक्षम (म्हणजे पराग देणारे) पुंकेसर असतात. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद व सुट्या असून कार्यक्षम पुंकेसर बहुधा तीनच असतात. आपट्याच्या चिमुकल्या फुलात ते दहा असतात आणि साध्या भिंगातून सहज मोजता येतात.