समुदाय विकास : ठरवायचं कोणी?

१८८४ मध्ये सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल सुरू केला. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीतच राहून काम करावं, ही त्यामागची कल्पना. हेतू चांगला होता. पण वस्तीला काय हवं, हे बव्हंशी बाहेरून आलेलेच ठरवत. समुदाय विकास म्हणजे वस्तीने किंवा गावाने मिळून आपलं जगणं सुधारण्याचं काम; त्याच्या पुढच्या सगळ्या पद्धतींचा वाद इथूनच सुरू होतो.

शिकागोच्या हल हाऊस या अशाच वस्तीतल्या केंद्राने या कामाला पाहणीची जोड दिली. तिथल्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून माहिती जमवली आणि १८९५ मध्ये नकाशे छापले. कुठल्या घरात कुठून आलेली माणसं राहतात, त्यांची आठवड्याची कमाई किती, हे रंगांवरून कळे. कॅनडात मोझेस कोडी या धर्मगुरूंनी १९२८ पासून विद्यापीठाच्या विस्तार विभागातून मच्छीमारांची अभ्यासमंडळं उभी केली. त्या चर्चांतूनच पतसंस्था आणि लॉबस्टरचे सहकारी कारखाने निघाले. आधी शिक्षण, मग संस्था, हा क्रम मला आजही सर्वांत भक्कम वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हे काम सरकारी योजना झालं. भारताने २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकासाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. पाचच वर्षांत त्याचा आढावा घेणाऱ्या बलवंतराय मेहता समितीला सांगावं लागलं की लोकांचा पुढाकार काही जागा झालेला नाही. गंमत म्हणजे यावरचा उपाय ब्रिटिश वसाहतींच्या नोकरशाहीतूनच आला. नायजेरियात काम करून लंडनमध्ये प्रशिक्षक झालेले टी. आर. बॅटन शिकवत की कार्यकर्त्याने उत्तर देऊ नये. प्रश्न विचारावेत, पर्याय गटालाच तपासू द्यावेत. अधिकाऱ्याला गप्प बसायला शिकवणं सोपं नव्हतं.

१९६८ मध्ये अमेरिकेतले समाजकार्याचे अभ्यासक जॅक रॉथमन यांनी या कामाचे तीन प्रकार मांडले: स्थानिक विकास (लोकांनी मिळून आपले प्रश्न सोडवणं), सामाजिक नियोजन (तज्ज्ञांनी आखणी करणं) आणि सामाजिक कृती (वंचितांनी संघटित होऊन हक्क मागणं). समाजकार्याच्या वर्गात ते अजून शिकवले जातात. प्रत्यक्षात ते क्वचितच वेगळे राहतात. पुढच्याच वर्षी शेरी आर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि लोकांचं नुसतं ‘मत घेणं’ हा देखावा ठरवला.

पुढे ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आदींच्या सहभागी पद्धतींत गावकरीच जमिनीवर नकाशा काढू लागले. मग निधी देणाऱ्यांनी सहभागाची अटच घातली. २००१ मध्ये बिल कुक आणि उमा कोठारी यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाने दाखवलं, की अशा बैठकांतून पुष्कळदा प्रकल्पाला आधीच हवं असलेलंच लोकांच्या तोंडून वदवलं जातं.