टेटनची फुगलेली सरासरी

अमेरिकेत कुठल्या काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, किती कुटुंबं कुठे गेली, हे कळायला दारोदार फिरावं लागत नाही. तिथलं आयकर खातं लागोपाठच्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांवरचे पत्ते ताडून पाहतं. पत्त्यातली काउंटी बदलली, की स्थलांतर झालं असं धरायचं. एक विवरणपत्र म्हणजे साधारण एक कुटुंब. त्याचं उत्पन्नही मग नव्या काउंटीच्या नावावर जमा होतं. विवरणपत्र न भरणारे अर्थातच या हिशोबात येत नाहीत.

वायोमिंग राज्यातली टेटन काउंटी घ्या. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी २३,३३१, पण दरडोई उत्पन्नात अमेरिकेत वर्षानुवर्षं अव्वल. वायोमिंगमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. त्यामुळे गडगंज लोक जॅक्सन गावात किंवा आसपास घर घेतात आणि कागदोपत्री तिथले रहिवासी होतात. त्यांची कमाई पगारापेक्षा लाभांश, व्याज आणि शेअरविक्रीच्या नफ्याची.

समजा, गावात वर्षाला ६० हजार डॉलर मिळवणारी हजार कुटुंबं आहेत. तिथे सहा कोटी डॉलर मिळवणारं एक कुटुंब आलं, की सरासरी थेट १ लाख २० हजारांच्या घरात! जुन्यांपैकी कुणाला एक छदामही जास्त मिळालेला नसतो. उत्पन्नाच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधलं कुटुंब अजूनही ६० हजारांवरच असतं. म्हणून अशा ठिकाणी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे या मधल्या कुटुंबाचं उत्पन्न, विचारावा.

सरासरी खालच्या बाजूनेही फुगते. टेटनमधली सुमारे ९७ टक्के जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोनचा काही भाग, बाकी बरंचसं वनखात्याचं. उरलेल्या तुकड्यातली घरं हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्याला कशी परवडणार? असे बरेच कामगार टेटन खिंडीपलीकडे, आयडाहो राज्यातल्या व्हिक्टर आणि ड्रिग्जमध्ये राहतात. जून २०२४ मध्ये खिंडीतला रस्ता खचला, तेव्हा तात्पुरता रस्ता होईपर्यंत त्यांना कामावर यायला तासाहून जास्तीचा वळसा पडत होता. राबतात जॅक्सनमध्ये, पण विवरणपत्रावरचा पत्ता आयडाहोचा. त्यामुळे त्यांचं तुटपुंजं उत्पन्न टेटनच्या आकड्यात धरलंच जात नाही. शिवाय आयडाहोत प्राप्तिकर आहे. म्हणजे खोली साफ करणारी बाई राज्याचा प्राप्तिकर भरते, आणि ती राबते त्याच जॅक्सनमध्ये बंगला बांधलेला अब्जाधीश भरत नाही.