देवगांडूळ

देवगांडूळ हा पाय नसलेला, जमिनीखाली राहणारा उभयचर प्राणी. बेडूक-भेक आणि सॅलॅमँडर यांच्यासोबत उभयचर वर्गातला हा तिसरा गण. उष्ण प्रदेशांतल्या दमट मातीत त्याच्या दोनशेहून अधिक जाती आढळतात. भारतात पश्चिम घाट आणि ईशान्येकडील राज्ये हा त्यांचा मुख्य प्रदेश. आंबोलीत सापडलेल्या गेगेनिओफिस डॅनिएली या जातीचे वर्णन २००३ मध्ये झाले.

अंगावरच्या वळ्यांमुळे तो गांडुळासारखा दिसतो, पण त्याला पाठीचा कणा, जबडा आणि अणकुचीदार दात असतात. वाळा सापाशीही त्याची गल्लत होते. वाळ्याचे अंग कोरडे आणि खवल्यांचे, तर देवगांडुळाचे ओलसर व बुळबुळीत. त्याला विष टोचता येत नाही. साप समजून त्याला ठेचणे केवळ अज्ञानातून घडते.

डोळे त्वचेखाली आणि गेगेनिओफिस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) तर हाडाखाली दडलेले असतात. नाकपुडी आणि डोळा यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका आत-बाहेर होत राहते. मातीतला गंध टिपण्याचे हे इंद्रिय अन्य कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यात नाही. बिळात पुढे सरकताना अस्तनीतला हात सरकावा तसा त्याचा कणा सैल त्वचेच्या आत हलतो आणि डोके माती रेटत जाते. गांडुळे, वाळवी व किड्यांच्या अळ्या हे त्याचे खाद्य. भक्ष्य मोठे असले तर ते दातांत घट्ट धरून तो स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि तुकडा तोडतो.

प्रजननाच्या बाबतीत सह्याद्रीतल्या दोन प्रजातींच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि या प्राण्याचा अभ्यास करावासा वाटतो तो मुख्यतः इथेच. दोन्हींत फलन मादीच्या शरीरात होते. इक्थिओफिसची मादी ओढ्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते. माळेतल्या मण्यांसारखी एकमेकांना जोडलेली ही अंडी वेटोळ्यात घेऊन ती बसून राहते. अंडी ओलावा शोषून फुगतात. आतल्या भ्रूणाला पिसांसारखे तांबडे कल्ले असतात, पण बाहेर आल्यावर ते लवकरच गळून पडतात. डिंभ, म्हणजे अजून पूर्ण रूप न आलेले पिल्लू, मग पाण्यात उतरतो. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक कल्लाछिद्र, शेपटीवर पोहण्याचा आखूड पर आणि उघडे दिसणारे डोळे घेऊन तो कित्येक महिने ओढ्यात काढतो. रूपांतरात छिद्रे बुजतात, स्पर्शिका फुटते आणि प्राणी जमिनीत शिरतो.

गेगेनिओफिसने मात्र पाण्याची ही पायरी गाळली आहे. त्याच्या अंडी घालणाऱ्या जातींत अंड्यातून थेट छोटे देवगांडूळच बाहेर येते. म्हणून ओढ्यापासून दूर, सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) दगडाखालीही त्याची वीण होऊ शकते. मादी इथेही अंड्यांना वेटोळे घालते.

पावसाळ्यात देवगांडूळ पालापाचोळ्याखाली, शेणखताच्या ढिगात, पोफळीच्या बागेत, उलथलेल्या दगडाखाली सापडतो. मुसळधार पावसात तो कधी रस्त्यावरही येतो आणि वाहनांखाली चिरडला जातो. माती कोरडी पडू लागली की तो खोल जातो, त्यामुळे उन्हाळ्यात तो कुठे व कसा राहतो याच्या नोंदी फार थोड्या आहेत. दगड उचलून पाहिला तर तो पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण त्याखालची ओल मोडली की अंडी सुकतात.