वाकल्यावर पाठीचे स्नायू गप्प का होतात?

व्यायामाच्या व्हिडिओंमध्ये हल्ली एक चित्र हमखास दिसतं. माणसाची आकृती, तिच्यावर लालभडक रंगवलेले स्नायू आणि शेजारी स्तंभालेख: या व्यायामात स्नायू इतके टक्के ‘अॅक्टिव्हेट’ होतो, त्या व्यायामात त्याच्या निम्माच. खाली ‘ईएमजीने सिद्ध’ असा शिक्का. कमरेचे पट्टे, खुर्च्या आणि ‘पोश्चर’ सुधारणारी यंत्रं विकणारेही असेच आलेख पुढे करतात. आलेख बहुतेक वेळा खरा असतो. पण तो जे बोलतच नाही, ते त्याच्या तोंडी घातलेलं असतं. याची मला चीड येते, कारण सरफेस ईएमजी, म्हणजे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतली वीज मोजणं, हे मुळात फार सुंदर तंत्र आहे.

मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या अनेक तंतूंना एकाच वेळी हुकूम देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या ताब्यात मोजकेच तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. पेशी आणि तिचे तंतू मिळून होतं एक मोटर युनिट. हुकूम पोचला की तंतूच्या पटलातून सोडियमचे आयन आत घुसतात. एरवी बाहेरच्या तुलनेत उणे ८० ते ९० मिलिव्होल्ट असलेली आतली पातळी क्षणभर शून्याच्या वर जाते आणि हा बदल तंतूवरून दोन्ही टोकांकडे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पळत सुटतो. त्याच्या मागोमाग तंतूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि तंतू आखडू लागतो. वीज आधी, ओढ नंतर. ईएमजी मोजतो ती वीज. ओढ मोजत नाही.

ही वीज त्वचेवर येईपर्यंत अगदीच क्षीण झालेली असते: काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत. म्हणून आधी त्वचेची तयारी करावी लागते. केस काढायचे, स्पिरिटने घासून वरचा मृत थर आणि तेलकटपणा घालवायचा, मग जेल लावलेले दोन इलेक्ट्रोड तंतूंच्या दिशेतच, एकमेकांपासून साधारण २ सेंटिमीटरवर चिकटवायचे. तिसरा एखाद्या हाडाच्या उंचवट्यावर, तुलनेसाठी. त्वचेखाली चरबीचा थर जाड असला तर तेवढाच स्नायू तेवढंच काम करत असतानाही आलेख बुटका येतो. दोन माणसांचे मिलिव्होल्ट थेट शेजारी ठेवता येत नाहीत ते यामुळेच. त्यासाठी आधी प्रत्येकाकडून पूर्ण जोर लावून घेतात आणि बाकीचं मापन त्याच्या टक्क्यांत सांगतात. व्हिडिओतले टक्के ते हेच. ज्याची पाठ दुखते तो पूर्ण जोर लावणार कसा, हा प्रश्न त्या टक्क्यांच्या मुळाशीच बसलेला आहे.

आता इलेक्ट्रोड दोन का? मला या तंत्रातला सगळ्यात आवडता भाग हाच.

खोलीतल्या विजेच्या तारा आपल्या शरीरावर सतत ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०) गोंगाट लादत असतात आणि तो स्नायूच्या संदेशापेक्षा सहज मोठा असू शकतो. पण तो दोन्ही इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी, जवळपास सारखाच पोचतो. स्नायूची लहर मात्र प्रवासी आहे. ४ मीटर वेगाने २ सेंटिमीटर जायला तिला ५ मिलिसेकंद लागतात, म्हणून ती आधी एका इलेक्ट्रोडखालून जाते, मग दुसऱ्या. अॅम्प्लिफायर दोन्हींची वजाबाकी करतो. जे सारखं होतं ते गळून पडतं आणि जे प्रवासात होतं ते उरतं. एका वजाबाकीने भिंतीतली वीज आणि शरीरातली वीज वेगळी होते!

याच वजाबाकीची किंमतही मोजावी लागते. चेतातंतू स्नायूला जिथे येऊन मिळतो त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नेमका एकेक इलेक्ट्रोड पडला, तर लहरी मध्यावरून दोन्हीकडे निघतात, दोन्ही इलेक्ट्रोडवर एकाच वेळी पोचतात आणि वजाबाकीत एकमेकींना खाऊन टाकतात. स्नायू जीव तोडून काम करतोय आणि आलेख झोपलेला! शिवाय हालचालीत त्वचेखालचा स्नायू सरकतो आणि हा पट्टाही त्याच्याबरोबर सरकतो. म्हणजे व्यायामाच्या मध्येच आलेख उतरला, तर काम कमी झालं की पट्टा इलेक्ट्रोडखाली आला हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. याहून बारीक गोष्ट अशी की ५ मिलिसेकंदांचा फरक प्रत्येक वारंवारितेला वेगळी वागणूक देतो. १०० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे दुसऱ्या इलेक्ट्रोडवर ती बरोबर उलटी होऊन पोचते आणि वजाबाकीत दुप्पट होते. २०० हर्ट्झच्या लहरीचं आवर्तन ५ मिलिसेकंदांचं, ती हुबेहूब पहिल्यासारखीच पोचते आणि शून्य होते. प्रत्यक्षात सगळ्या तंतूंचा वेग आणि खोली सारखी नसल्याने ही शून्याची जागा इतकी स्वच्छ दिसत नाही. पण इलेक्ट्रोडमधलं अंतर बदललं की ‘स्नायूचा’ आलेख बदलतो, हे त्यातून पक्कं कळतं.

त्यात शेकडो मोटर युनिटांच्या लहरी एकावर एक पडतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात गेला की दोन्ही नाहीशा. धडावर हृदयाचे ठोकेही मध्येच उमटतात, आणि शेजारच्या स्नायूची वीजही झिरपते.

एवढं समजलं की व्यायामाच्या आलेखांकडे बघायची नजर बदलते. तेच वजन तितक्याच सावकाश उचला आणि खाली आणा. खाली आणताना ईएमजी कमी येतो, कारण लांब होत होत भार धरणाऱ्या तंतूंना प्रत्येकी जास्त ताण पेलता येतो आणि कमी युनिटांत भागतं. म्हणून खाली आणणं फुकट गेलं का? मुळीच नाही. उलट दमलेल्या स्नायूत, भार तोच असताना आलेख चढत जातो, कारण थकलेल्यांच्या जोडीला नवी युनिटं कामाला लागतात. पोटावर झोपून, पाय बांधून, कमरेपासून वरचं धड टेबलाबाहेर हवेत आडवं धरायला सांगितलं, तर काही सेकंदांतच आणखी एक बदल दिसू लागतो: लहरींचा वेग मंदावतो आणि सगळा आलेख खालच्या वारंवारितांकडे सरकतो. पाठीच्या स्नायूंचा थकवा मोजायला हे फार उपयोगी आहे. मात्र ‘उंच आलेख म्हणजे चांगला व्यायाम, म्हणजे जाड स्नायू’ ही साखळी या तंत्रातून निघत नाही.

आता पाठ. दुखत नसेल तर करून बघा. ताठ उभे राहा, कमरेच्या वर कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि गुडघे न वाकवता हळूहळू पुढे वाका. सुरुवातीला बोटांखाली दोन जाड दोर ताठ होताना जाणवतील. आणखी वाकत राहा. अगदी शेवटी, धड नुसतं लोंबकळायला लागतं तेव्हा, ते दोर मऊ पडतात.

ईएमजीत ही घटना थक्क करणारी दिसते. वाकताना आलेख वाढत जातो, कारण पुढे झुकणाऱ्या धडाचा भार तोलायचा असतो. आणि भाराची तरफ लांबच लांब झालेली असताना, पूर्ण वाकण्याच्या जवळ, तो एकदम सपाट होतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५१ आणि १९५५ मध्ये हे सविस्तर मांडलं. भार कुठेही गेलेला नसतो. तो अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या, ताणलेल्या स्नायूंचा स्वतःचा चिवटपणा आणि काही खोल स्नायू यांनी उचललेला असतो. चिवट ताणाला वीज लागत नाही, म्हणून ईएमजीला तो दिसतही नाही. बराच वेळ वाकून काम केलं की अस्थिबंध किंचित सैलावतात, आणि मग स्नायू गप्प व्हायला आणखी खोल वाकावं लागतं.

पोक काढून बसल्यावरही पाठीच्या स्नायूंची वीज अशीच ओसरते. ताठ बसलं की वाढते. म्हणजे ‘वाकून बसल्याने स्नायूंवर ताण येतो, बघा आलेख’ असं सांगणाऱ्याचा आलेख त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. तसं म्हणून पोक काढणं चांगलं ठरत नाही, ताठ बसणंही नाही. एकाच स्थितीत तासन् तास बसणाऱ्या पाठीला काय सोसावं लागतं, हे एका आकड्यात मावत नाही. आणि चुंबकाच्या पट्ट्यांनी स्नायूंची वीज ‘संतुलित’ होते म्हणणाऱ्यांकडे तर कुठलाच आलेख नाही. निरोगी, सैल सोडलेल्या स्नायूत संतुलित करायला वीज उरलेलीच नसते.

जुनाट पाठदुखीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये हे गप्प होणं घडत नाही. पूर्ण वाकल्यावरही त्यांचे स्नायू बोलत राहतात, जणू कण्याला अस्थिबंधांच्या भरवशावर सोडायची त्यांची तयारी नाही. दुखण्याची धास्ती जास्त असलेल्यांत हे अधिक दिसतं आणि व्यायामोपचारांनंतर काहींमध्ये ती शांतता परत येते. म्हणून फिजिओथेरपिस्ट कधी कधी रुग्णाला पडद्यावर स्वतःचा आलेख दाखवतात. तो बघत बघत पाठ सैल सोडायला शिकता येतं. पण हे न घडणं म्हणजे निदान नव्हे. दुखणं नसलेल्या काही पाठीही गप्प होत नाहीत, आणि दुखणाऱ्या काही होतात. दबलेल्या नसेसाठी डॉक्टर जो ईएमजी लिहून देतात, तो सहसा स्नायूत सुई घालून करतात. ती तपासणी वेगळी, तिचे प्रश्न वेगळे.

कण्याला अगदी लगटून असलेले छोटे स्नायू दोन इलेक्ट्रोडच्या या जोडीला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्यांच्यासाठी आजही बारीक तार आत सोडावी लागते. वरच्या स्नायूंसाठी मात्र दोनाऐवजी ६४ इलेक्ट्रोडची जाळी वापरतात. प्रत्येक मोटर युनिटची लहर जाळीवर आपला वेगळा ठसा उमटवते, आणि गणिताने ते ठसे सुटे करता येतात. माणूस स्थिर जोर लावून बसलेला असेल आणि त्वचेखाली चरबी कमी असेल, तर मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी नेमकी कोणत्या क्षणी हुकूम सोडते, हे त्वचेला टोचल्याशिवाय वाचता येतं. पाठीवर हे अजून अवघड आहे, आणि वाकत्या पाठीवर तर फारच.