कोल्हापूरच्या डिजिटल चित्रांत छाया आधी, रेषा नंतर

कोल्हापुरात टॅबलेटवर चित्र काढणाऱ्या अनेकांच्या फाइलमध्ये सर्वांत खालच्या लेयरवर (थरावर) उजेड-अंधार दाखवणारे करड्या रंगाचे तीन-चार ठोकळे असतात. रेषा त्यानंतर येते. ही सवय सॉफ्टवेअरने लावलेली नाही.

कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. पडदा शेवटच्या रांगेतूनही कळायला हवा, म्हणून आधी उजेड-अंधाराचे मोठे भाग पाडायचे आणि नक्षीकाम मागाहून. बाबूराव सिनेमात गेले तेव्हा तीच नजर पोस्टरवर उतरली. त्यांच्या 'कल्याण खजिना'चे १९२४ सालचे पोस्टर आजही उदाहरण म्हणून दाखवतात. पुढे अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी पावडर शेडिंगची निसर्गचित्रे केली. कोरडी रंगपूड कागदावर चोळायची, त्यामुळे छटा कडेविना विरघळते. आज हे काम सॉफ्टवेअरमधला मऊ एअरब्रश करतो, जरा जास्तच गुळगुळीत. आभाळाचा लांब उतार छापला की त्यात पट्टे उमटतात. दोन-तीन टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, घातला की ते मोडतात.

सावलीसाठी मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर, काळा वापरला तर त्वचा मळकट दिसते. तिथे जांभळट तपकिरी घ्यावा.

खरी फसगत रंग छापताना होते, कारण पडदा किंवा पोस्टर रंगवणाऱ्याला रंग समोरच दिसायचा, इथे तो स्क्रीनच्या प्रकाशाचा असतो. गणेशोत्सवात तालमीच्या (मंडळाच्या) फलकावरचा भगवा स्क्रीनवर पेटलेला आणि कागदावर विटकरी, हे नेहमीचेच. छपाईच्या चार शायांपैकी मॅजेंटा (गडद गुलाबी) ५० ते ६० टक्के, पिवळा १०० ठेवावा, सायन (आकाशी निळा) आणि काळा शून्य. सायन दहा टक्के शिरला तरी भगवा मरतो. गडद निळ्यात सायनपेक्षा मॅजेंटा किमान ३० टक्क्यांनी कमी हवा, नाहीतर रंकाळ्याचे पाणी जांभळे होते. बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवावीत. चार रंगांत केली आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली की शिरोरेषा दुहेरी दिसते.

हाताने रंगवलेल्या फलकांची जागा फ्लेक्सने घेतल्यावर आकाराचाही प्रश्न आला. १० बाय ८ फुटांसाठी चौथाई आकारात, म्हणजे ३० बाय २४ इंच, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काम केले तर ९००० बाय ७२०० पिक्सेल होतात. चौपट मोठे केल्यावर ७५ डीपीआय उरतात आणि लांबून पाहायला ते पुरतात. एवढ्या कॅनव्हासवर टॅबलेट मोजकेच लेयर देतो, तेव्हा करड्या ठोकळ्यांचा लेयर रंग बसल्यावर खुशाल काढून टाकावा.