पूमसेतला ब्लॉक नेमका कशासाठी?

तायक्वांदोच्या क्लासला आलेल्या मुलाला पहिली पूमसे शिकवतात ती ताएगुक इल जांग. पूमसे म्हणजे समोर कोणी नसताना, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. इल जांगमध्ये अशा १८ हालचाली असतात. पहिलीच घ्या. डावीकडे वळायचं, डावा पाय पुढे टाकायचा आणि डाव्या हाताने खालचा ब्लॉक करायचा, ज्याला आरे माक्की म्हणतात. मूठ आधी उजव्या खांद्यापाशी न्यायची, तिथून तिरकी खाली आणून मांडीच्या वर थांबवायची आणि त्याच क्षणी उजवा हात कमरेला खेचून घ्यायचा. नेरूळमधल्या सोसायटीच्या हॉलमध्ये काय किंवा ठाण्यातल्या शाळेच्या पटांगणात काय, संध्याकाळी हेच चाललेलं दिसतं. सर 'हाना, दुल, सेत' मोजतात, पोरं घाम गाळतात आणि भिंतीला टेकून बसलेल्या पालकांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, "सर, उद्या खरंच कोणी अंगावर आलं तर याचा उपयोग होईल का?"

प्रश्न रास्त आहे. 'हा ब्लॉक समोरच्याची किक अडवायला' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते घड्याळ लावून सांगता येतं.

डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत निरोगी माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूपर्यंत आणि तिथून मज्जारज्जूमार्गे स्नायूंपर्यंत निरोप पोचायलाच तेवढा वेळ जातो. आता ६० सेंटिमीटरवरून, सेकंदाला सरासरी ५ मीटर वेगाने आलेला ठोसा घ्या. तो ०.१२ सेकंदात पोचतो. म्हणजे आपला हात जागचा हलण्याआधीच तो लागलेला असतो. बरं, ०.२ सेकंदाचा आकडासुद्धा खूण एकच आणि तिचं उत्तरही एकच ठरलेलं असतानाचा. पर्याय वाढले की हा वेळ वाढत जातो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२मध्ये मोजून दाखवलं. रस्त्यावर तर समोरचा ठोसा मारणार, ढकलणार की बॅग ओढणार हेच माहीत नसतं. त्यात आरे माक्कीची मूठ आधी खांद्यापर्यंत जाऊन मग खाली यायची. एवढी सवड देणारा हल्लेखोर क्लासच्या बाहेर भेटत नाही.

स्पर्धेतले चांगले खेळाडू वाचतात ते अंतर राखून. समोरच्याचा खांदा, कंबर, वजन कुठल्या पायावर आहे यावरून त्यांना पुढची किक आधीच कळते. पण ही विद्या मोकळ्या मॅटवरची झाली. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर किंवा वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बरच्या डब्यात अंतर राखायचं म्हटलं तरी राखणार कुठे? तिथे त्रास देणारा माणूस आधीच हाताच्या टप्प्यात असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा हात आपल्या मनगटावर, कॉलरवर किंवा बॅगेच्या पट्ट्यावर पडलेला असतो.

नेमकं इथेच शरीराचं घड्याळ वेगळं चालतं. स्नायूंच्या आत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. कोणी हात अचानक खेचला की स्नायूची पहिली प्रतिक्रिया २० ते ५० मिलिसेकंदांत उमटते. ती मज्जारज्जूतूनच परत फिरते, मेंदूपर्यंत जातही नाही. तिच्यामागून ५० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान दुसरी लाट येते आणि ती जास्त कामाची, कारण तिच्यात मेंदूचा सहभाग असतो. 'खेचलं तर ढील द्यायची' असं आधी ठरवलं असेल तर ही दुसरी लाट मंदावते आणि 'खेचलं तर विरोध करायचा' असं ठरवलं असेल तर जोर धरते. थोडक्यात, डोळ्यांना जे साधत नाही ते स्पर्शाला साधतं, आणि ते सरावाने घडवताही येतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पूमसेतले बरेचसे 'ब्लॉक' आधीच अंगाला लागलेल्या हाताला द्यायचं उत्तर म्हणून वाचावेत. लांबून येणाऱ्या माऱ्यासाठी ते उशिराचे आहेत. पकडलेल्या हातासाठी मात्र त्यांची लांबलचक तयारीसुद्धा उपयोगी पडते. प्रत्येक रचनाकाराच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. अधिकृत वर्णनांत ब्लॉक हा ब्लॉकच असतो. पण या हालचालींचं घराणं पाहिलं तर हे वाचन परकं वाटत नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेगुरू आन्को इतोसू यांनी १९०१च्या सुमारास कराटे शाळेत आणलं, आणि १९०८च्या त्यांच्या प्रसिद्ध पत्रात काताच्या, म्हणजे कराटेतल्या पूमसेसारख्या मालिकांच्या, हालचालींचा अर्थ आणि वापर समजून घ्यायला सांगितलं आहे. त्यांच्या परंपरेतले गिचिन फुनाकोशी १९२२मध्ये तोक्योला गेले. पुढे जपानमध्ये शिकलेले कोरियन तरुण त्या काता घेऊन मायदेशी परतले. १९५५मध्ये तायक्वांदो हे नाव पडलं, मग कोरियाने स्वतःचे पॅटर्न बांधले. या प्रवासात पन्नास मुलांना एका रांगेत उभं करून आकड्यांवर हालचाली करून घेणं टिकलं आणि जोडीदाराला धरून अर्थ तपासणं मागे पडलं.

माझी सर्वांत आवडती जागा ताएगुक ओ जांगच्या, म्हणजे पाचव्या पूमसेच्या सुरुवातीला आहे. डावीकडे लांब पवित्र्यात खालचा ब्लॉक होतो. लगेच पुढचा डावा पाय मागे ओढून घेतला जातो, डावी मूठ चेहऱ्यासमोरून गोल फिरते आणि हातोडीसारखी वरून खाली उतरते. हवेत केलं तर ती नुसती छान दिसणारी गिरकी. कोणाला तरी मनगट धरायला लावलं की तिचा हिशेब उलगडतो.

एका शनिवारी सातवीतल्या मुलीला हे तिच्या काकांवर करून पाहायला सांगितलं. काका चांगले धिप्पाड. त्यांनी तिचं डावं मनगट घट्ट धरलं. तिने आधी सगळे करतात तेच केलं, हात सरळ मागे ओढला. काही झालं नाही, उलट पकड आवळली. मग मी तिला पकड नीट बघायला सांगितली. चार बोटं एका बाजूने येतात, अंगठा दुसऱ्या बाजूने, आणि जिथे दोन्हींची टोकं भेटतात तिथे फट असते. पकडीचा दरवाजा तिथेच. मनगट गोल नसतं, चपटं असतं. रुंद बाजू फटीसमोर असेल तर ते अडकतं, म्हणून हात फिरवून अरुंद कड, म्हणजे स्वतःच्या अंगठ्याकडची बाजू, त्या फटीसमोर आणायची. मग मूठ ओढण्याऐवजी आपलं कोपर काकांच्या हाताकडे पुढे घालायचं. कोपर पकडीपासून २०-२५ सेंटिमीटर दूर असतं आणि काकांचा अंगठा जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमाने कोपराचा जोर अंगठ्यापाशी चार-पाच पट होऊन पोचतो. हिशेब ढोबळ आहे, पण बाराव्या वर्षीच्या हाताला तेवढा पुरतो. त्यातच पूमसे सांगते तसा तिने पुढचा पाय मागे घेतला. आता एका अंगठ्याविरुद्ध तिचं सगळं वजन होतं. मनगट सुटलं, मूठ स्वतःच्या चेहऱ्यासमोरून वर गेली आणि काकांच्या बाहूवर येऊन थांबली. काका म्हणाले, "परत कर बघू, मी नीट धरलंच नव्हतं." तिने परत केलं.

कमरेला खेचलेल्या हाताबद्दल क्लासमध्ये बहुधा न्यूटनचा तिसरा नियम सांगतात. एक हात मागे गेला की दुसरा तेवढ्याच जोराने पुढे जातो, असं. मला हे अपुरं वाटतं. ठोशाचा जोर पायापासून उगवतो आणि कमरेच्या वळणातून खांद्यापर्यंत चढतो. मागे जाणाऱ्या हाताचा त्यातला वाटा लहान, आणि तो रिकामा हात कमरेला ठेवला की चेहरा उघडा पडतो. बॉक्सर उगाच हनुवटीशी हात धरत नाहीत. पण त्या मुठीत समोरच्याची बाही किंवा मनगट असेल तर सगळंच बदलतं. समजा ठोसा सेकंदाला ६ मीटरने जातोय आणि खेचल्यामुळे समोरचा सेकंदाला १ मीटरने आपल्याकडे येतोय. दोघांमधला वेग ७ मीटर झाला. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३६चे ४९ झाले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ. शिवाय खेचला गेलेला माणूस पावलांच्या पुढे झुकतो, तोल सावरण्यात गुंततो आणि त्याचा दुसरा हात मारण्याच्या कामी येत नाही. हे माझ्या कल्पनेतलं नाही. ताएगुक पाल जांगमध्ये, आठव्या पूमसेत, एका हाताने ओढत दुसऱ्या हाताने हनुवटीवर मारायची हालचाल अधिकृतपणेच आहे.

कॉलर दोन्ही हातांनी धरली तर सातवी पूमसे, ताएगुक चिल जांग. दोन्ही बाहू समोरच्याच्या हातांच्या मधून वर घालून बाहेर उघडायचे, मग त्याला धरून खाली ओढायचं आणि गुडघा वर. बाहू लाकडातल्या पाचरीसारखे काम करतात. माणसाचे हात सरळ ढकलायला ताकदवान असतात, बाजूला उघडले जाताना तेवढे नसतात. आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशनच्या, म्हणजे १९६६मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या परंपरेच्या दोसान पॅटर्नमध्येही हीच पाचर आहे, फक्त तिथे पाठोपाठ गुडघ्याऐवजी फ्रंट किक आणि दोन पंच येतात. गर्दीत मी गुडघाच निवडेन. लोकलच्या दारात किक मारायला एका पायावर उभं राहणं धोक्याचं, आणि जुलैत ओल्या फलाटावर तर नकोच. दोसानमध्ये आणखी एक सुंदर जागा आहे. बोटांनी खुपसल्यावर मनगट पकडलं गेलं असं धरून हात पिळत पूर्ण फिरायचं आणि उलट्या मुठीने मारायचं. ही सुटका तिथे स्पष्ट शब्दांत सांगितलेली आहे. मात्र पाठ दाखवून फिरणं नवशिक्याने करू नये, असं माझं मत.

एवढं सगळं घाबरलेल्या क्षणी आठवेल का? मेंदूत कौशल्यांची स्मृती प्रसंगांच्या स्मृतीपासून वेगळी राहते. हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णावर १९५३मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवं काही लक्षात ठेवणं त्याला जमेना. तरी आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून करून घेतला तेव्हा तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी हे केल्याचं त्याला आठवतही नव्हतं. हालचाल अशी खोल मुरते. पण ती जशी मुरवू तशीच बाहेर येते. आयुष्यभर हवेत ब्लॉक केला तर हवेतलाच ब्लॉक पक्का होतो.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन संशोधकाने १९२०च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली छायाचित्रांतून टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडत होता, पण खांदा-कोपर-मनगटाचे कोन प्रत्येक फटक्याला थोडे निराळे होते. कसब म्हणजे तीच हालचाल हुबेहूब करणं नव्हे, दर वेळी नव्याने जुळवून तोच परिणाम साधणं. पूमसेची स्पर्धा हुबेहूबपणाला गुण देते, आणि तिथे ते योग्यच आहे. स्वसंरक्षणासाठी त्याच पाचव्या पूमसेची सुटका खांद्यावर लॅपटॉपची बॅग अडकवून, पायात चपला घालून, हाताला घाम असताना, उंच आणि ठेंगण्या जोडीदारांवर करायला हवी. मनगट, कॉलर, बॅगेचा पट्टा असा क्रम न ठरवता धरायला लावायचं. सराव करताना असं शिकणं अवघड जातं, चुका जास्त होतात, पण नंतर ते जास्त टिकतं, हे १९७९पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

समोरच्याच्या हातात सुरा असेल तर यातलं काहीही करायचं नाही. पाकीट, मोबाइल, सोनं देऊन टाकायचं आणि निघायचं. कोरियो या पहिल्या ब्लॅक बेल्ट पूमसेतला गळ्यावरचा वार आणि गुडघा मोडण्याची हालचाल मी मुलांना वापर म्हणून दाखवत नाही. इजा कायमची होऊ शकते. कायदाही तेच सांगतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा कलम ३७ देत नाही. सुटल्यावर पडलेल्या माणसाला लाथ घातली तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक सुटकेला एक शेपूट जोडतो. मनगट सुटलं की तीन पावलं मागे, दोन्ही तळवे समोर, आणि पूमसेतल्या कियापच्या, म्हणजे हालचालीबरोबरच्या आरोळीच्या, जागी पोटातून मोठ्याने "सोड! मागे हो!" कियापमध्ये श्वास जोरात बाहेर पडतो आणि धड घट्ट होतं, ते इथेही होतं. वर आजूबाजूच्या लोकांना काय चाललंय ते कळतं. मग वळून माणसं आणि उजेड असेल तिकडे चालायला लागायचं आणि चालता चालता ११२ लावायचा. शेवटचा भाग मुलं कंटाळा करतात, म्हणून तो दर वेळी मोजून घेतला जातो.